गाय उन्हाळ्यात चारा टाकते तेव्हा ढेप वाढवायची का?

नागपूरजवळच्या कळमेश्वरकडच्या एका तरुण पशुपालकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे ८ संकरित गायी आणि ४ म्हशी आहेत. एप्रिल लागला की दूध उतरतं. १४ लिटरची गाय आता ९ वर आली आहे आणि फॅट ३.८ वरून ३.१ झालं आहे. गायी दुपारी तोंड उघडून धापा टाकतात, कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) उष्टं टाकतात, ढेप (तेल काढून उरलेली पेंड) तेवढी खातात, आणि शेण पातळ पडतं. खाद्याच्या दुकानात त्यांना सांगितलं की ढेप किलोभर वाढवा आणि उन्हाळ्याची पावडर सुरू करा. ते करावं का? आणि म्हशी काढून आणखी दोन होल्स्टिन (जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या गायी) घ्याव्यात का, असंही त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, ढेप वाढवू नका. पावडरीचं नंतर बघू. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे कुटार उष्टं पडणं, शेण पातळ होणं आणि फॅट घसरणं, या एकाच दुखण्याच्या खुणा आहेत. ढेप वाढवली तर ते दुखणं आणखी वाढेल.

गायीच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबतो आणि त्या आंबण्यातून उष्णता तयार होते. खाल्ल्यानंतर साधारण तीन-चार तासांनी ती सगळ्यात जास्त असते. तुम्ही सकाळी ९ ला भरपूर वैरण टाकली, तर पोटातली उष्णता बरोबर १२-१ वाजता वर येणार. बाहेर ४४ अंश आणि आतून ही भर. मग गाय स्वतःच खाणं कमी करते, आणि आधी जाडाभरडा चारा सोडते. कारण त्यातून मिळणारी शक्ती कमी आणि पचवताना होणारी उष्णता जास्त. तिचं हे वागणं तिच्या जिवासाठी बरोबरच आहे.

आता पुढचं बघा. चारा कमी झाला की रवंथ कमी होतो, आणि रवंथ कमी झाला की लाळ कमी होते. गायीची लाळ अल्कलीयुक्त असते. पोटात धान्य आणि ढेपेमुळे जे आम्ल तयार होतं त्याला ही लाळच आवरते. धापा टाकताना बरीचशी लाळ पोटात न जाता तोंडातून खाली गळते. त्यात जोरजोरात श्वास सोडल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्त अल्कलीकडे झुकतं, आणि ते सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीतून टाकून देतात. म्हणजे लाळेत यायला हवा तो सोडा लघवीतून निघून गेला. अशा वेळी वरून मका आणि ढेप ओतली तर पोटात आम्लता होणारच. चाऱ्यातल्या तंतूपासून दुधातलं फॅट तयार होतं, तो तंतू पोटात गेलाच नाही, म्हणून फॅट पडतं. याच्यावर काही आठवड्यांनी गायी लंगडायला लागल्या तर खुरांचं दुखणंही इथूनच आलेलं असतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे माझ्या उत्तराकडून जास्तीची अपेक्षा राहणार नाही. थंड जागेतल्या गायींना मुद्दाम उष्णतेतल्या गायींइतकंच कमी खायला देऊन अमेरिकेत प्रयोग झाले आहेत. त्यात दिसलं की उन्हाळ्यात जेवढं दूध घटतं त्यातला निम्म्याच्या आसपासच वाटा कमी खाण्याचा असतो. बाकीचं दूध उष्णता थेट खाते, शरीराचा कारभारच बदलून. म्हणून आहार कितीही सुधारला तरी ९ चे पुन्हा १४ होणार नाहीत. सावली, पाणी आणि वारा यांच्या जोडीने आहार बदलला तर मात्र घसरण बरीच रोखता येते.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. दुपारी २ वाजता गोठ्यातला नळ सोडा आणि त्याखाली हात धरा. टिनावर ठेवलेली काळी टाकी आणि उन्हातून आलेला काळा पाइप असेल तर ते पाणी हाताला चटका देतं. पाणी आहे, हौदही भरलेला आहे, पण गाय दोन घोट घेऊन मान वर करते. १२-१४ लिटर दूध देणाऱ्या गायीला मे महिन्यात दिवसाला ९० ते ११० लिटर पाणी लागतं. गरम पाण्यातून ती तेवढं पिणार नाही, आणि पाणी कमी पडलं की चाराही कमी होतो. टाकीवर छप्पर घाला किंवा ओलं पोतं गुंडाळा, पाइप जमिनीत एक-दीड फूट पुरा, हौद सावलीत आणा, चुना लावा आणि आठवड्यातून दोनदा तरी घासून घ्या. धार काढून झाली की लगेच गायीला पाण्यावर सोडा. दिवसभराच्या पाण्यातला मोठा वाटा गाय त्याच वेळी पिते. रात्री हौद रिकामा राहू देऊ नका. आपल्याकडे बरेच गवळी रात्री ९ नंतर पाण्याकडे बघतच नाहीत, आणि चारा मात्र रात्रीच द्या असं मी पुढे सांगणार आहे.

छपराबद्दल थोडक्यात. टिनावर पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) किंवा तुराट्यांचा जाड थर टाका, तो दुपारी पाण्याने भिजवा. आगीची काळजी घ्या, वायर तिथून जात असेल तर आधी हलवा. गायीच्या अंगावर दर १५-२० मिनिटांनी एक-दोन मिनिटं पाणी आणि मध्ये पंख्याचा वारा, एवढं केलं तरी धापा कमी होतात. मोजायचं असेल तर दुपारी ३ वाजता कुशीची हालचाल, म्हणजे श्वास, एक मिनिट मोजा. ६० च्या आत असेल तर ठीक. ८० च्या वर गेली तर गाय त्रासात आहे. १०० च्या वर, जीभ बाहेर आणि ताप १०५ फॅरनहाइटच्या पुढे असेल तर चाऱ्याचा विचार सोडा, आधी अंगावर पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा.

आता वेळ. दिवसभराच्या चाऱ्यातला किमान ६५-७० टक्के वाटा संध्याकाळी ७ नंतर आणि पहाटे ६ च्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. पहाटे ४:३० ला पहिली वैरण, धारेच्या वेळी खुराक (ढेप, धान्य यांचं मिश्रण), ९ नंतर मोठं काही नाही, दुपारी थोडा हिरवा चारा तोंडाला, सूर्य मावळल्यावर दुसरी मोठी वैरण आणि झोपायच्या आधी १०-११ ला तिसरी. खुराक एका वेळी दोन किलोच्या वर नको. धारेच्या दोन वेळांशिवाय रात्रीच्या वैरणीतही थोडा मिसळा. माणसं म्हणतात, रात्री उठायचं कोणी? पण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, नागपुरात रात्रीचा पारासुद्धा ३० च्या खाली उतरायला तयार नसतो, आणि गायीला अंगातली दिवसभराची उष्णता बाहेर टाकायला तेवढेच चार-पाच तास मिळतात. भूक तिला तेव्हाच लागते. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ पर्यंत गेला होता. अशा दिवशी दुपारी ११ ला टाकलेली वैरण म्हणजे वाया गेलेली वैरण.

सकाळी ६ ला गव्हाणीत काय उरलंय ते रोज बघत जा. मला गोठ्याची अर्धी हकिगत तिथेच कळते. नुसते कडब्याचे जाड धांडे उरले असतील तर कुट्टी मोठी झाली आहे, गाय निवडून खाते आहे. दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करा. त्याहून बारीक, भुश्यासारखी नको, नाहीतर रवंथच होणार नाही. खाली ढेपेचा ओला, आंबट वासाचा थर उरला असेल तर भिजवलेली ढेप उन्हाने खराब होते आहे. या हवेत भिजवलेलं खाद्य दोन-तीन तासांत आंबतं. भिजवायचंच असेल तर धारेच्या अर्धा तास आधी भिजवा, आणि उरलेलं काढून टाका. त्यावरच पुढचं घालू नका.

चाऱ्याच्या निवडीत आपल्या भागाची अडचण मला माहीत आहे. ज्वारीचं क्षेत्र घटलं, सोयाबीन वाढलं, त्यामुळे कडबा महाग आणि सोयाबीनचं कुटार ढिगाने. सोयाबीनच्या कुटारात काड्या जास्त, पचन कमी. ते हिवाळ्यात संपवा. मे महिन्यासाठी हरभऱ्याचं आणि तुरीचं कुटार राखून ठेवा. त्यात पाला आणि फोलपट असतं, ते जास्त पचतं आणि गायी आवडीने खातात. लोक नेमकं उलट करतात. चांगलं कुटार आधी संपतं आणि वाईट कुटार सगळ्यात कठीण महिन्यासाठी उरतं. उन्हाळ्यात चारा कमी खाल्ला जाणार हे ठरलेलं आहे, तर जो घास पोटात जाईल तो चांगला असला पाहिजे.

१२ लिटर दूध देणाऱ्या, ४०० किलोच्या गायीसाठी मी साधारण असं बसवतो: हिरवा मका किंवा नेपियर गवत २० किलो, हरभरा-तुरीचं कुटार ३ किलो, कडबा कुट्टी २ किलो, खुराक ५ किलो. कुट्टीवर गुळाच्या मळीचं पातळ पाणी शिंपडलं तर ती जास्त खाल्ली जाते आणि धूळही बसते. खुराकात तुम्ही सध्या किती ढेप घालता ते लिहिलेलं नाही. पण त्यातली एक किलो सरकी ढेप कमी करून त्या जागी एक किलो अख्खी सरकी घाला. आपण कापसाच्या मुलखात आहोत, जिनिंगमधून सरकी मिळते. सरकीत २० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. तेलातून शक्ती भरपूर मिळते आणि ती पचताना पोटात उष्णता फार तयार होत नाही. शिवाय वरच्या रुईमुळे तंतूही मिळतो. दिवसाला दीड किलोच्या वर जाऊ नका, आणि वासरांना व वळूला सरकी देऊ नका, तिच्यातला गॉसिपॉल हा विषारी घटक त्यांना बाधतो. सरकी मिळाली नाही तर १०० ते १५० ग्रॅम बायपास फॅट (कोटीपोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारी चरबी) द्या. बाटलीने गोडतेल पाजायची पद्धत मात्र बंद करा. मोकळं तेल कोटीपोटात गेलं की चारा पचवणारे जिवाणूच मंदावतात, आणि ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच.

प्रथिनं जास्त झाली म्हणजे दूध वाढेल हा समज या दिवसांत महागात पडतो. गरजेपेक्षा जास्त प्रथिनं पोटात गेली की त्यांचा युरिया करून बाहेर टाकायला गायीची शक्तीच खर्च होते. म्हणूनही ढेप वाढवायला माझा विरोध आहे.

क्षारांकडे मात्र लक्ष द्या. आपल्या घामातून मुख्यतः मीठ जातं, गायीच्या घामातून पोटॅशियम जास्त जातं. हिरवा चारा आणि मळी यांतून ते बऱ्यापैकी भरून निघतं. दुकानातलं खताचं पोटॅश कोणी सांगितलं तरी घालू नका, ते जनावराच्या पोटासाठी नाही. खाण्याचा सोडा दिवसाला ८० ते १०० ग्रॅम, दोन वेळा विभागून, खुराकात मिसळून. धुण्याचा सोडा नव्हे, दोन्हीच्या पुड्या सारख्याच दिसतात. मीठ ४०-५० ग्रॅम आणि चाटण मोकळं. खनिज मिश्रण वर्षभर देतच असाल, ते चालू ठेवा. यीस्ट १०-२० ग्रॅम दिलं तर पोटाची आम्लता थोडी सावरते, ते मी देतो. बाकीच्या ‘उन्हाळा स्पेशल’ पुड्यांपैकी बहुतेकांत हेच असतं, दर मात्र तिप्पट. पुडीच्या मागचा घटकांचा तक्ता वाचा. सोडा, मीठ, थोडं यीस्ट आणि जीवनसत्त्वं एवढंच असेल तर तुमचे पैसे शेडनेटवर जाऊ द्या.

हे सगळं दुभत्या गायींसाठी. शेवटच्या तीन आठवड्यांतल्या गाभण गायीला सोडा आणि मळी देऊ नका, व्यायल्यावर दुग्धज्वर (रक्तातलं कॅल्शियम घटून गाय आडवी पडते तो आजार) होण्याची शक्यता वाढते.

लग्नसराईबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एप्रिल-मे महिन्यात लॉनमधून उरलेला भात, पोळ्या, बुंदी टेम्पोने गोठ्यात येतं. फुकटचं अन्न, टाकवत नाही, गायींनाही आवडतं. सवय नसलेल्या पोटात आठ-दहा किलो भात एकदम गेला की बारा तासांत पोट आम्लाने भरतं, गाय बसते आणि उठत नाही. शहराभोवतीच्या गोठ्यांत दर उन्हाळ्यात गायी अशा मरतात. त्या वेळी सलाइन लावूनही बऱ्याच हाती लागत नाहीत. तुम्ही हिंगणा किंवा वाडीकडून असं अन्न आणत असाल तर आजच थांबवा.

दुसरा धोका कोवळ्या ज्वारीचा. पाण्याच्या ताणाने सुकलेली कोवळी ज्वारी किंवा कापलेल्या ज्वारीला पहिल्या सरींनंतर आलेले फुटवे यांत सायनाइडचं विष तयार होतं. हिरवं दिसलं म्हणून जनावर तुटून पडतं आणि अर्ध्या तासात कोसळतं. ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय कापू नका, आणि जनावरं फुटव्यांच्या धुऱ्यावर सोडू नका. त्यावर उतारा आहे, पण डॉक्टर वेळेत पोहोचला तरच.

मृग लागला, पाऊस आला, म्हणजे सुटलो असं वाटतं. तसं नाही. तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून जनावराचा त्रास मोजायचा एक निर्देशांक आहे. संकरित गायीला ७२ च्या आसपास त्रास सुरू होतो. मे महिन्याच्या ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी तो ८९ च्या घरात जातो, आणि जुलैच्या ३३ अंशांच्या दमट दुपारीही ८४ राहतो. फरक फक्त पाचचा. नागपूरकराला हे समजावून सांगायला नको. मेमध्ये खोली गार करणारा कूलर जुलैत नुसता चिकचिकाट करतो, तसंच गोठ्यातल्या फॉगरचं, म्हणजे धुक्यासारखं पाणी फवारणाऱ्या यंत्राचं, होतं. पाऊस सुरू झाला की फॉगर बंद, पंखे जोरात, गोठा मोकळा आणि कोरडा. सोडा आणि रात्रीची वैरण मात्र ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत चालू ठेवा. अवकाळीत भिजलेलं कुटार, बुरशी आलेला मका आणि ढेप याच दिवसांत वापरात येतात, आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सरळ दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. बुरशीचा भाग खरवडून बाकीचं घालू नका, पूर्ण पोतं बाजूला काढा.

आटलेल्या गायींकडे गोठ्यात कोणाचं लक्ष नसतं. दूध देत नाही म्हणून तिला पंख्याबाहेर, उन्हाच्या बाजूला बांधतात. पण शेवटच्या दोन महिन्यांत उष्णतेत राहिलेली गाय पुढच्या वेतात कमी दूध देते, वासरू हलकं जन्मतं, आणि ती कालवड गाय झाल्यावरही मागे राहते. हे बऱ्याच अभ्यासांत पक्कं दिसलं आहे. जागा कमी असेल तर निदान तिला पंख्याच्या टोकाला घ्या, आणि तीन-चार किलो हिरवा चारा तिच्यासाठी राखा. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते कॅरोटिन वाळलेल्या चाऱ्यात फारच कमी उरतं. माज न दिसणं, गर्भ न टिकणं यामागे उन्हाबरोबर हेही कारण आहे.

आता म्हशींचं. विकू नका. म्हैस काळी, तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा खूप कमी, त्यामुळे थेट उन्हात ती गायीपेक्षाही लवकर कोलमडते. पण डबकं असेल किंवा दिवसातून तीन-चार वेळा अंगावर पाणी पडलं, तर तीच म्हैस पटकन सावरते आणि कुटारावरही फॅट टिकवते. त्या नागपुरी असतील, लांब चपट्या शिंगांच्या, तर त्या याच हवेत वाढलेल्या आहेत. दोन होल्स्टिन वाढवून तुम्ही १२ महिन्यांच्या हिशेबात जे कमवाल, त्यातलं बरंच मार्च ते जुलै हे पाच महिने परत घेतील. आणि ऊन आता फेब्रुवारीअखेरीलाच लागतं. ज्या गायी आहेत त्यांच्या पुढच्या रेतनात होल्स्टिनचं रक्त आणखी वाढवू नका. एक-दोन गायींना गीर किंवा आपली गवळाऊ (विदर्भाची देशी जात) भरवून बघायला हरकत नाही.

त्या दोन गायींचे पैसे मुरघासात (हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यात) घाला. ८ गायींना रोज १२ किलोप्रमाणे १०० दिवसांचा मुरघास म्हणजे साधारण १० टन, नासधूस धरून ११-१२ टन. खरिपाचा मका एकरी १५ टन हिरवा सहज देतो, म्हणजे एका एकरात तुमचा उन्हाळा बसतो. दाणा चिकात आला की कापायचा, कुट्टी करून दाबून, हवा न राहता भरायचा, ४५ दिवसांनी तयार. सप्टेंबरमध्ये भरलेला मुरघास पुढच्या मे महिन्यात उघडायचा. मेमध्ये पिशवी उघडली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत संपवा. या उन्हात उघडा मुरघास हाताला गरम लागायला लागतो, आणि गरम मुरघास गाय खात नाही. म्हणून एक हजार किलोच्या मोठ्या बॅगा घेऊ नका. तुमच्या गोठ्याला ५०-६० किलोच्या पिशव्या बऱ्या, रोज दोन उघडायच्या.

मका पेरायला अजून महिना आहे. आज संध्याकाळपासून ढेप एक किलो कमी, सोडा सुरू, मोठी वैरण ७ नंतर. सरकी एकदम किलोभर घालू नका, पाव-पाव किलोने आठ दिवसांत वाढवा. शेण घट्ट व्हायला चार-पाच दिवस लागतील, फॅट हलायला दोन-तीन आठवडे. तोवर एका वहीत रोजचं दूध, दुपारी ३ चा श्वास आणि गव्हाणीतलं उष्टं लिहून ठेवा. तीन आठवड्यांनीही फॅट ३.१ च राहिलं तर ती वही आणि खुराकाची पावभर पुडी घेऊन नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या पशुपोषण विभागात जा आणि खुराकाची तपासणी करून घेता येईल का ते विचारा. मग अंदाजाने नव्हे, आकड्यांवर खुराक बसवता येईल.